ऐंशी टक्के भूक

बी. एफ. स्किनर हे नाव साहित्याच्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते ते बहुधा नोम चॉम्स्की यांचे बोट धरून. स्किनर यांचे 'व्हर्बल बिहेव्हिअर' १९५७ साली प्रसिद्ध झाले, चॉम्स्की यांनी १९५९ साली 'लँग्वेज' या नियतकालिकात त्याचे दीर्घ आणि निर्दय परीक्षण केले, आणि तेव्हापासून भाषेच्या वर्गात स्किनर हा खंडनापुरता मांडायचा पूर्वपक्ष होऊन बसला. त्या वादात आम्हांला येथे शिरायचे नाही. आमचे लक्ष आहे ते त्याच वर्षी स्किनर यांनी चार्ल्स फर्स्टर यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या ग्रंथाकडे. 'शेड्यूल्स ऑफ रीइन्फोर्समेंट' हे त्याचे नाव. सातशेहून अधिक पाने, ९२१ आकृत्या, आणि त्यांच्यामागे सुमारे ७०,००० तासांची नोंद व जवळजवळ २५ कोटी प्रतिसाद. प्रतिसाद म्हणजे बहुतेक ठिकाणी एका कबुतराने भिंतीतल्या चकतीवर चोचीने मारलेला एक टोचा.

हा ग्रंथ साहित्याच्या वर्गात कोणी उघडत नाही, आणि उघडावा असा आग्रहही नाही. तथापि तो एका अर्थाने वाचनाचाच ग्रंथ आहे. प्रयोगपेटीबाहेर कागदाची गुंडाळी संथ गतीने सरकत असते. पक्ष्याने चकतीवर टोचा मारला की लेखणी एक बारीक पायरी वर चढते. टोचा नसेल तेव्हा ती आडवी रेघ ओढत राहते. दाणा मिळाला की छोटीशी तिरपी खूण करते. रेघ जितकी उभी तितका पक्षी वेगात, रेघ आडवी म्हणजे पक्षी थांबलेला. ही रेघ वाचायला शिकलेला माणूस पक्षी न पाहताही सांगू शकतो की त्याला दाणा कोणत्या नियमाने मिळतो आहे. दर पन्नास टोच्यांना एकदा दाणा, म्हणजे 'स्थिर प्रमाणा'चे वेळापत्रक असेल, तर दाण्यानंतर थोडी विश्रांती आणि मग एका दमात सरळ उभी चढण. पंधरा मिनिटे उलटल्यानंतरच्या पहिल्या टोच्याला दाणा, म्हणजे 'स्थिर कालांतरा'चे वेळापत्रक असेल, तर आधी दीर्घ स्तब्धता, मग एखाददुसरा टोचा, आणि वेळ जवळ येईल तशी वाढत जाणारी लगबग. कागदावर शिंपल्याच्या कडेसारखी कमान उमटते. पक्ष्यामागून पक्षी बदलले तरी ही वळणे तीच राहतात.

स्किनर मुळात इंग्रजी साहित्याचे पदवीधर. १९२६ साली पदवी घेतल्यावर त्यांना कादंबरीकार व्हायचे होते, त्यांच्या कथा वाचून रॉबर्ट फ्रॉस्ट यांनी उत्तेजनाचे पत्रही पाठवले होते. वर्षभर घरी बसून लेखन जमेना, तेव्हा १९२८ साली ते हार्वर्डला मानसशास्त्राकडे वळले. पात्राच्या मनात काय चालले आहे हे लेखकाने गृहीत धरू नये, दिसते तेवढेच लिहावे, हा दंडक त्यांनी कादंबरीत नव्हे तर कबुतरांच्या बाबतीत पाळला. किती पाळला आणि कोठे मोडला, हा या लेखाचा एक भाग आहे. दुसरा भाग भुकेचा. त्या ९२१ आकृत्यांतील रेघा उमटल्या त्या पक्षी भुकेले होते म्हणून, आणि पुढे त्याच रेघांवर औषधांची पारख झाली तेव्हा ही भूक कोणाच्या हिशेबात धरायची, हा प्रश्न उभा राहिला.

भूक आणि औषध ही जोडी स्किनर यांच्या कामात आधीपासूनची. मिनेसोटा विद्यापीठात असताना त्यांनी डब्ल्यू. टी. हेरॉन यांच्याबरोबर १९३७ साली दोन निबंध प्रसिद्ध केले. एक उपासमारीत भूक कशी बदलते यावर, दुसरा कॅफीन आणि बेंझेड्रीन यांचा शिकण्यावर व शिकलेले विरण्यावर काय परिणाम होतो यावर. दोन्हींतले प्राणी उंदीर. पहिल्या निबंधातले चित्र लक्षात राहण्यासारखे आहे: अन्न पूर्ण तोडल्यावर उंदरांचे दांडी दाबणे काही दिवस वाढत गेले, आणि मग कोसळले. भूक ही सरळ चढत जाणारी गोष्ट नाही हे तेथे पहिल्याच पावलाला दिसले होते.

मराठीला हे निराळे सांगावे लागत नाही. आपल्याकडे भूक लागते, चाळवते, खवळते, भागते, आणि मरतेही. भूक भागणे आणि भूक मरणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे हे शेंबड्या पोरालाही कळते. भुकेची आपली सगळी क्रियापदे चालती आहेत. प्रयोगशाळेला मात्र स्थिर भूक हवी होती.

कबुतरे आली ती युद्धात. मिनीआपोलिस शहरातील जनरल मिल्स या पीठ-धान्याच्या कंपनीच्या आश्रयाने स्किनर आणि त्यांचे सहकारी १९४३-४४ साली पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर कबुतरांना शिकवीत होते. बाँबच्या नाकाडात बसून पडद्यावरच्या लक्ष्यावर टोचे मारीत पक्ष्याने बाँबला दिशा द्यावी, अशी ती योजना. पुढे ती गुंडाळण्यात आली. स्किनर यांनी पुढे १९६० साली तिची हकीकत काहीशा मिस्कीलपणे लिहिली. पण उंदीर कायमचे मागे पडले. कबुतर बरीच वर्षे जगते, त्याला रंग दिसतात, ते वेगाने टोचते. प्रयोगशाळांत पुढे रुळली ती मुख्यतः 'व्हाइट कार्नो' जातीची कबुतरे. ही जात मांसासाठी पोसली जाणारी. मूळ पाहू गेल्यास तिचा पूर्वज तोच पारवा, जो आपल्या जुन्या वाड्यांच्या वळचणीला घुमतो. आणि दाणा? अनेक प्रयोगवृत्तांत एक प्रमाण वारंवार भेटते: ५० टक्के ज्वारीची एक जात, ४० टक्के वाटाण्याच्या कुळातले एक बारीक कडधान्य, १० टक्के भांगेचे बी. (या बियांत नशा नसते, हे सांगितलेले बरे.)

१९४८ साली स्किनर यांचा कबुतराच्या 'अंधश्रद्धे'वरचा प्रसिद्ध निबंध आला. त्याच्या आरंभीच वाचकाला सांगितले जाते की पक्ष्याला त्याच्या खाऊनपिऊन असलेल्या वजनाच्या ७५ टक्क्यांवर आणून भुकेच्या स्थिर अवस्थेत ठेवले आहे. मग ठरावीक अंतराने, पक्षी काहीही करो वा न करो, धान्याचे पात्र पाच सेकंद समोर येते. आठांपैकी सहा पक्ष्यांत काही ठळक हालचाली पक्क्या झाल्या: एक घड्याळाच्या उलट दिशेने गिरक्या घेऊ लागला, एक पेटीच्या वरच्या कोपऱ्यात डोके खुपसू लागला, दोघे लंबकासारखे डोलू लागले. दाणा येण्याच्या क्षणी जे योगायोगाने घडत होते तेच घट्ट झाले, असे स्किनर यांचे स्पष्टीकरण. मनातले काही लिहायचे नाही हा दंडक येथे पहिल्यांदा सैल झालेला दिसतो. शीर्षकातला 'अंधश्रद्धा' हा शब्द त्यांनी अवतरणचिन्हांत ठेवला होता. पुढच्या पाठ्यपुस्तकांनी चिन्हे काढून टाकली आणि शब्द ठेवला. रूपकाचे विधान कसे होते, याचा हा नमुना अलंकार शिकवणाऱ्याने जपून ठेवावा असा आहे.

७५ टक्के हा आकडा ऐकला की आम्हांला दुसरा एक प्रयोग आठवतो. मिनीआपोलिसच्या विद्यापीठात १९४४-४५ साली अॅन्सेल कीज यांनी ३६ पुरुषांवर उपासमारीचा प्रयोग केला. युद्धाला नकार देणारे हे तरुण स्वेच्छेने आले होते. सहा महिन्यांत त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने कमी करण्यात आले, म्हणजे ते स्किनर यांच्या कबुतरांच्याच आकड्यावर आले. दोन्ही प्रयोगांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, आणि पक्ष्याच्या शरीरातले ७५ टक्के व माणसाच्या शरीरातले ७५ टक्के एकच, असेही नाही. पण त्या माणसांना बोलता येत होते. ती पाककृतींची पुस्तके वाचू लागली, पदार्थांच्या याद्या जमवू लागली, ताटल्या चाटू लागली, चिडचिडी झाली, इतर कशात त्यांचे मन लागेना. १९५० साली निघालेल्या 'द बायॉलॉजी ऑफ ह्यूमन स्टार्व्हेशन' या दोन खंडांत हे सारे आहे. भूक तेथे माणसाचे सगळे जग व्यापते. कबुतरांच्या निबंधात ती पद्धतीच्या परिच्छेदातले एक वाक्य आहे, आणि पुढे ते वाक्यही ठरून गेले: 'पक्षी मुक्त आहारावरील वजनाच्या ८० टक्क्यांवर ठेवले होते.'

हे वाक्य लिहिण्यामागे दुष्टपणा नव्हता. रोज तोलून, ठरलेल्या वजनाइतकाच दाणा देऊन, भूक आज जितकी तितकीच उद्या राहील अशी व्यवस्था केल्यावाचून रेघांची तुलनाच करता आली नसती. भूक अचल धरली म्हणून बाकीचे चल दिसले. पण जे अचल धरतो ते हळूहळू दिसेनासे होते.

औषधे या पेटीपाशी आली ती १९५० च्या दशकात, आणि आली ती एका लाटेवर. फ्रान्समध्ये तयार झालेले क्लोरप्रोमाझीन १९५२ साली पॅरिसमध्ये झां दले आणि पिएर देनिकर यांनी मनोरुग्णांना दिले. त्याच वर्षी बाझेलच्या सिबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी सर्पगंधेच्या मुळीतून रिसर्पीन वेगळे काढले. सर्पगंधेवर आपल्याकडे आधीच काम झाले होते. कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली उन्माद व रक्तदाबावरील तिच्या उपयोगाबद्दल लिहिले होते, आणि मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केल्यावर पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिकडे गेले. १९५७ साली वकील आणि देनिकर या दोघांनाही लास्कर पारितोषिक मिळाले.

औषध कंपन्यांपुढचा प्रश्न साधा होता. मन शांत करणारे द्रव्य माणसाला देण्याआधी ओळखायचे कसे? उपलब्ध कसोट्या ढोबळ होत्या: प्राणी किती वेळ झोपतो, फिरत्या दांडीवरून पडतो का, आचके येतात का. यांतून गुंगी कळे, मन कळत नसे. पीटर ड्यूज हे इंग्लंडमधून आलेले डॉक्टर १९५३ साली हार्वर्डच्या औषधशास्त्र विभागात रुजू झाले. विभागप्रमुख ऑटो क्रेयर. नाझींनी पदच्युत केलेल्या ज्यू सहकाऱ्याची खुर्ची घ्यायला १९३३ साली जर्मनीत लेखी नकार देणारे हेच ते क्रेयर. कबुतरांच्या इतिहासात त्यांचा उल्लेख ओघाने येतो, पण आला की थांबून पाहावा असा आहे. ड्यूज स्किनर यांना भेटले, फर्स्टर यांची कबुतरांची प्रयोगशाळा त्यांनी पाहिली, आणि सरकत्या कागदावरची रेघ पाहताच आपल्याला हवे ते साधन त्यांना सापडले.

१९५५ सालच्या त्यांच्या निबंधातील द्रव्य होते पेंटोबार्बिटल, जुन्या धाटणीचे झोपेचे औषध. ते कबुतराच्या छातीच्या स्नायूत टोचायचे आणि पक्ष्याला पेटीत सोडायचे. वेळापत्रके दोन: पन्नास टोच्यांना एक दाणा, किंवा पंधरा मिनिटांनंतरच्या पहिल्या टोच्याला दाणा. औषध एक, चकतीही तशीच, दाणाही तोच, भूकही तोलून सारखी. आणि तरीही औषधाची एक अशी मात्रा सापडली की जिच्यामुळे पंधरा मिनिटांच्या वेळापत्रकावरचे टोचणे जवळजवळ बंद पडले, आणि पन्नास टोच्यांच्या वेळापत्रकावरचे टोचणे उलट नेहमीपेक्षा वेगाने झाले.

निबंध लहान आहे, भाषा कोरडी आहे, पण त्यातून काय कोसळले याचा विचार करावा. पेंटोबार्बिटल हे 'मंदावणारे' औषध, हे विशेषण पाठ्यपुस्तकांत पक्के होते. मग पक्षी वेगात का? औषधाने भूक मारली म्हणून पक्षी थांबला म्हणावे, तर तीच भूक, तेच ज्वारीचे दाणे शेजारच्या वेळापत्रकात त्याला धाववीत होते. औषधाने स्नायू लुळे पडले म्हणावे, तर पन्नास टोचे मारायला स्नायू लागतातच. औषधाने शिकलेले पुसले म्हणावे, तर एक धडा पुसला आणि दुसरा तेवढा उजळला, हे कसे? भूक, शक्ती, स्मृती ही जी तीन उत्तरे आपण कोणत्याही नशेबाबत सहज तोंडावर फेकतो, ती तिन्ही येथे अपुरी पडतात. उरते ती एकच गोष्ट: पक्ष्याने दाणा कोणत्या नियमाने मिळवायला शिकलेले आहे. औषधाचा गुण बाटलीत पूर्ण नसतो; ज्या वर्तनात ते जाऊन पडते त्या वर्तनाच्या घडणीत त्याचा उरलेला अर्धा भाग असतो. नंतरच्या प्रयोगांत तर एकाच पक्ष्याला एकाच बैठकीत चकतीचा रंग बदलून दोन्ही वेळापत्रकांवर आलटून पालटून नेण्यात आले. एकाच रक्तातले एकच औषध, आणि दिव्याचा रंग बदलताच रेघेचे वळण निराळे.

१९५८ साली ड्यूज यांनी मेथॲम्फेटामीनवर लिहिले. येथे भुकेचा पेच अधिक टोकदार आहे, कारण या कुळातली औषधे भूक मारण्यासाठीच ख्यात होती. वजन उतरवायला माणसे ती घेत. भूक मेली तर दाण्यासाठी शिकलेले टोचणे सरसकट मंदावले पाहिजे. तसे झाले नाही. जेथे पक्षी मुळात संथ होता तेथे तो वेगवान झाला, जेथे मुळात वेगवान होता तेथे वाढ झाली नाही किंवा वेग घटला. औषधाचा परिणाम वर्तनाच्या मूळ वेगावर अवलंबून असतो, असे सूत्र यातून निघाले आणि दोन दशके ते वर्तन-औषधशास्त्राचे मध्यवर्ती सूत्र राहिले. अपवादही सापडले. शिक्षेच्या धाकाने दबलेले वर्तन संथच असते, पण ते बार्बिट्युरेटने मोकळे होते आणि ॲम्फेटामीनने होत नाही. म्हणजे नुसता वेगही पुरेसा नाही. वेग कशाने कमी झाला, हेही पाहावे लागते. जोसेफ ब्रेडी यांनी १९५६ साली 'सायन्स'मध्ये उंदरांबाबत असेच काही दाखवले होते. विजेच्या धक्क्याआधी इशारा वाजला की उंदीर दांडी दाबणे थांबवीत. ॲम्फेटामीनने त्यांचे एकूण दाबणे वाढले, पण इशाऱ्यातली स्तब्धता अधिकच गाढ झाली. रिसर्पीनने एकूण दाबणे मंदावले, पण इशारा वाजत असताना उंदीर काम करीत राहिले. आपली सर्पगंधा भुकेवर नव्हे, भयावर काम करीत होती, असे या रेघांवरून म्हणता येत होते. 'भय' हा शब्द आमचा. कट्टर वर्तनवाद्याने तो लिहिताना हात आखडला असता.

ही पद्धत थोड्याच वर्षांत विद्यापीठांतून औषध कंपन्यांत गेली. तिकडची एक हकीकत मात्र सांगितलीच पाहिजे. थॉम व्हर्हाव्ह हे मानसशास्त्रज्ञ एका अमेरिकन औषध कंपनीत काम करीत. तेथे जिलेटिनच्या कॅप्सूल पट्ट्यावरून सरकत जात आणि चेपलेल्या, रंग उडालेल्या कॅप्सूल वेचणे हे माणसांचे कंटाळवाणे काम होते. व्हर्हाव्ह यांनी ते कबुतरांना शिकवले. आठवडाभराच्या शिकवणीत पक्ष्यांची अचूकता ९९ टक्क्यांवर गेली, असे त्यांनी १९६६ साली लिहिले. संचालकांनी योजना नाकारली. कबुतरांनी तपासलेले औषध कोण विकत घेणार आणि प्रतिस्पर्धी काय म्हणतील, ही धास्ती. औषध कबुतरावर तपासलेले चालते, कबुतराने तपासलेले चालत नाही. यावर भाष्य करण्याचा मोह आम्ही आवरतो.

पुढच्या प्रयोगांची यादी लांब आहे. डोनाल्ड ब्लाऊ यांनी अशी युक्ती केली की प्रकाश दिसला तर पक्ष्याने एक चकती टोचावी, न दिसला तर दुसरी. पहिलीने प्रकाश मंद होई, दुसरीने वाढे, आणि पक्षी स्वतःच्या दृष्टीचा उंबरठा स्वतःच रेखीत राही. १९५७ साली त्यांनी दाखवले की एलएसडी दिल्यावर हा उंबरठा वर सरकतो, म्हणजे दिसण्यासाठी अधिक प्रकाश लागतो. त्या द्रव्याच्या नावाने पुढे दिव्यदृष्टीच्या ज्या गप्पा झाल्या त्यांच्या शेजारी ही रेघ ठेवून पाहावी. १९७० साली मॅकमिलन आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये भांगेतील मुख्य द्रव्याविषयी लिहिले: पहिल्या खेपेस टोचणे बंद पाडणारी मात्रा वारंवार दिल्यावर निष्प्रभ होत गेली, पक्षी विलक्षण सरावले. उंदरांवरच्या १९६६ सालच्या कामात शूस्टर, डॉकन्स आणि वुड्स यांना तर असे दिसले होते की औषधामुळे अन्न हुकत असेल तेथे सराव होतो, हुकत नसेल तेथे तसा होत नाही. म्हणजे औषधाला सरावणे हाही काही अंशी भुकेने शिकवलेला धडा.

येथपर्यंत भूक पडद्यामागे होती. १९६८ साली ती अनपेक्षितपणे पुढे आली. पॉल ब्राउन आणि हर्बर्ट जेंकिन्स यांनी कबुतरांना काहीच शिकवले नाही. चकती आठ सेकंद उजळे, मग दाणा येई. टोचण्याची अट नव्हती. तरी ३६ च्या ३६ पक्षी उजळलेल्या चकतीला टोचू लागले. दुसऱ्या वर्षी डेव्हिड आणि हॅरिएट विल्यम्स यांनी अट उलटी केली: टोचलेस तर दाणा मिळणार नाही. पक्षी टोचतच राहिले आणि दाणे गमावीत राहिले. फळामुळे वर्तन टिकते, या सिद्धान्ताला याहून मोठा धक्का कल्पिता येत नाही. १९७१ साली जॉन स्टॅडन आणि व्हर्जिनिया सिमेलहॅग यांनी 'अंधश्रद्धे'चा प्रयोग पुन्हा केला. दाण्याची वेळ जवळ आली की सगळे पक्षी जवळजवळ एकच गोष्ट करतात असे त्यांना आढळले: तोंड धान्याच्या दिशेला आणि टोचणे. इतर चाळे होतात ते मधल्या रिकाम्या वेळात. स्किनर यांना सहा पक्ष्यांच्या निरनिराळ्या श्रद्धा दिसल्या होत्या, यांना एका जातीची एक भूक दिसली.

आणि १९७३ सालचा जेंकिन्स व मूर यांचा निबंध आम्हांला या साऱ्या वाङ्मयातला सर्वांत सुंदर वाटतो. काही पक्षी भुकेले, काही तहानलेले. दोघेही उजळलेल्या चकतीला टोचतात. यंत्राच्या लेखी टोचा तो टोचा, लेखणी एकच पायरी चढते. पण निबंधकारांनी चोचींची छायाचित्रे घेतली. भुकेला पक्षी चोच उघडून झटकन टोचतो, दाणा उचलावा तसा. तहानलेला पक्षी चोच जवळजवळ मिटून, चकतीला लावून, घोट घेतल्यासारखी हालचाल करतो. तो चकती पीत असतो, हा खाऊ पाहत असतो. ७०,००० तासांच्या नोंदीत हा भेद कोठेच उमटला नव्हता, कारण लेखणीला टोच्यांची संख्या कळे, चव कळत नसे. यात ड्यूज यांची रेघ खोटी ठरत नाही. पण जिला सर्व पक्ष्यांत सारखी म्हणून हिशेबाबाहेर ठेवले ती भूक टोच्याच्या आकारात, चोचीच्या उघडझापेत शिरलेली होती, हे आता डोळ्यांना दिसले.

औषधाच्या बाजूनेही हीच गोष्ट पुढे आली. मेरिलिन कॅरोल, चार्ल्स फ्रान्स आणि रिचर्ड माइश यांनी १९७९ साली दाखवले की अर्धपोटी उंदीर औषध स्वतःहून घेण्याची सोय असेल तर पोटभर खाल्लेल्या उंदरांपेक्षा अधिक घेतात. तेव्हापासून, निदान स्वेच्छेने औषध घेण्याच्या प्रयोगांत, '८० टक्के' हे वाक्य निरुपद्रवी तपशील म्हणून वाचणे कठीण झाले आहे.

शिवाय हे ८० टक्के कशाचे? 'मुक्त आहारावरील वजन' या शब्दप्रयोगातला 'मुक्त' शब्द फसवा आहे. ॲलन पोलिंग आणि सहकाऱ्यांनी १९९० साली रानातले पारवे पकडून प्रयोगशाळेत ठेवले आणि हवे तितके खाऊ दिले. पक्षी फुगले. बाहेर उडणाऱ्या, दाणा शोधत फिरणाऱ्या पाखराचे वजन पिंजऱ्यात बसून खाणाऱ्या पाखराइतके कधीच नसते, आणि पिंजऱ्यातल्या वजनातून वीस टक्के वजा केले की आपण कदाचित रानातल्या वजनाच्या आसपास येतो. निबंधाच्या शीर्षकातच मोकळे पक्षी लठ्ठ नसतात असे म्हटले आहे. याचा उपयोग प्रयोगकर्त्यांच्या बचावासाठी झाला आहे, आणि तो बचाव अगदी पोकळ नाही. तथापि मोकळा पारवा भुकेला असला तरी दाण्यामागे जातो तो आपल्या पंखांनी. पेटीतल्याला चकतीखेरीज दुसरा पर्याय नाही, आणि भुकेचे मोजमाप केवळ तराजूने करता येते असे मानल्यावरच दोघांची भूक एक ठरते.

पर्याय दिला तर काय होते, हे २०१२ साली जेनिफर लाऊड, क्रिस्टिना पॅटिसन आणि टॉमस झेंटॉल यांनी पाहिले. दोन चकत्या. एकीवर हमखास तीन गोळ्या. दुसरीवर पाचांतून एकदा दहा गोळ्या, उरलेल्या चार वेळा काहीच नाही. म्हणजे सरासरी दोन. फार भुकेली ठेवलेली कबुतरे दुसरीकडे वळली, जुगार खेळत राहिली आणि एकूण कमी खाऊन परतली. फारशी भुकेली नसलेली कबुतरे तीन गोळ्यांच्या चकतीकडे गेली.